मुद्द्याचं बोला, मावशी

उन्हाळ्याची सुट्टी लागली की कायद्याच्या कॉलेजातली पोरं आमच्या मोफत सल्ला केंद्रात अनुभव घ्यायला येतात. मी इथली वकील. पंखा एक, खुर्च्या तीन, त्यातली एक लंगडी. पोरांना गरिबांचा कळवळा फार, फक्त गरीब माणूस समोर बसून बोलायला लागला की ती घड्याळ बघतात. दरवर्षी नव्यानं शिकवा, आणि जरा कामाची झाली की सुट्टी संपते. मी दमलेय, खरं सांगते.

यंदाची मुलगी हुशार होती. तिच्या तोंडी 'मुद्दा' हा शब्द इतक्यांदा यायचा की आमच्या शिपायानं तिचं नाव मुद्देवाली ठेवलं. तिच्या हाती मी मावशींची केस दिली.

मावशी शिवणकाम करणाऱ्या, नवरा गेलेला. लग्न होऊन आल्या तेव्हापासून एकाच भाड्याच्या खोलीत. आता मालकाला ती खोली स्वतःच्या मुलासाठी हवी होती. अशा दाव्यात न्यायाधीश बघतात की अडचण कोणाची मोठी. मावशींचा मुलगा दुसऱ्या शहरात, 'माझ्याकडे राहायला ये' म्हणणारा. म्हणजे आमची बाजूही त्या लंगड्या खुर्चीसारखीच.

मावशी बोलायला लागल्या की रीळ हातातून सुटल्यासारखं व्हायचं. मुद्देवालीनं रोज समोर बसवून त्यांच्याकडून साक्ष घोटून घेतली. "मावशी, मुद्द्याचं बोला. हे कायद्यात बसत नाही, कोर्टात काढायचं नाही." मी शेजारच्या टेबलावर फायलीत डोकं घालून बसलेली. कानावर पडायचं आणि बरं वाटायचं, चला, निदान एक तरी पोर मनापासून काम करतंय.

साक्षीच्या दिवशी मावशी घडाघडा बोलल्या. पाठ केलेली कविता म्हणावी तसं. मग न्यायाधीशांनी सरळ, चांगल्या आवाजात विचारलं, "बाई, मुलगा बोलावतोय, तिथं जागाही आहे. मग याच खोलीत का राहायचंय?"

मावशींनी मुद्देवालीकडे पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं.

"राहायचंय," एवढंच म्हणाल्या.

मुद्देवालीची सुट्टी संपली. प्रमाणपत्र घेऊन ती गेली. निकाल नंतर लागला आणि खोली हातची गेली.

कोर्टाबाहेरच्या बाकावर मी वैतागून विचारलं, "मावशी, त्या दिवशी तोंडाला कुलूप का लावलंत?"

"मला लेक आहे हो एक," त्या म्हणाल्या. "आमच्या मनाविरुद्ध लग्न केलं, म्हणून तिच्या बापानं तिला बाहेर काढलं. ती कुठं आहे ते मला ठाऊक नाही. तिला मात्र हे दार ठाऊक आहे. कधी आली आणि दारात परकंच कोणी उभं राहिलं तर? पण आपली ती कॉलेजातली पोरगी म्हणाली होती, हे कोर्टात काढायचं नाही. एवढी मेहनत घेतली तिनं माझ्यावर. तिचा शब्द कसा मोडू?"

मी कपाळाला हात लावला. मांडण्यासारखं आमच्याकडे तेवढंच तर होतं.

नेमका तेव्हाच मुद्देवालीचा फोन आला. "मॅडम, मावशींचं काय झालं?" मावशी हातानं नको नको म्हणत होत्या. पोर खचेल, सांगू नका. पण माझा जीव जळत होता, आणि उद्या हीच पोर वकील होऊन दुसऱ्या कुठल्या मावशींसमोर बसणार होती. मी सगळं सांगून टाकलं. "खोली कधी सोडायचीय?" एवढंच तिनं विचारलं.

खोली सोडायच्या दिवशी ती आली. मान खाली घालून दारात उभी. "मावशी, मी..."

"ते राहू दे आता," मावशी म्हणाल्या आणि तिच्या हातात रंगाचा डबा आणि ब्रश दिला. "अक्षर चांगलंय ना तुझं? दाराशेजारच्या भिंतीवर माझ्या मुलाचा पत्ता लिही. मोठा लिही. पुसणार नाही म्हणालाय मालक."

मी शिवणयंत्राला दोरी बांधत होते. पत्ता लिहून झाला तशी मुद्देवाली ब्रश पुसायला लागली.

"थांब, खाली अजून लिही," मावशी म्हणाल्या. "बाबा गेले. आता ये."

मुद्देवालीनं ते जसंच्या तसं लिहिलं.