पालथा पाव

बाबांना जाऊन नऊ दिवस झाले आणि नऊ दिवसांत आई एक शब्द बोलली नव्हती. दफनाला आलेल्यांनी हात धरले, गालाला गाल लावले. ती नुसती उभी. मलाही रडू येत नव्हतं. आत सगळं बधिर. उद्या सकाळच्या गाडीने मला नांत शहरात परतायचं होतं, कामावर. न बोलणाऱ्या, न जेवणाऱ्या आईला एकटं कसं सोडायचं?

रविवार होता. आमच्याकडे रविवारी संध्याकाळी स्वयंपाक बाबांचा, आणि तो म्हणजे क्रोक-मस्यू, हॅम-चीजचं भाजलेलं सँडविच. एवढं एकच त्यांना यायचं, पण तोरा केवढा! मी करायला घेतलं. लोण्यात मैदा भाजला, दूध ओतलं, गुठळ्या झाल्या. पावाच्या दोन कापांमध्ये हॅम आणि चीज घातलं, वर तो पांढरा सॉस, जायफळ, पुन्हा चीज, आणि ढकललं ओव्हनमध्ये.

"गुठळ्या झाल्या गं," मी मुद्दाम म्हटलं. "बाबांनी डोकं खाल्लं असतं माझं."

आई टेबलाच्या मेणकापडावर छापलेली फुलं बघत राहिली.

मग मी शेवटचा उपाय केला. उरलेला पाव टेबलावर पालथा ठेवला. पालथा पाव घरात अवदसा आणतो, हे आईने मला लाकडी चमच्याच्या मारासकट शिकवलं होतं. बाबा विसरले की ती किंचाळायची, "सरळ कर तो पाव, फेर्नां! कुणाच्या जिवावर उठलायस?"

मी गरम ताटल्या मांडल्या. आईची नजर पावावर गेली. हात उचलला, आणि परत मांडीवर ठेवला.

"राहू दे तसाच, मारीव्हॉन," ती म्हणाली. "यायचं ते येऊन गेलं."

तिचा आवाज ऐकून आनंद व्हायला हवा होता. काहीच झालं नाही. तिने काट्याने एक कोपरा तोडून खाल्ला.

"जायफळ फार झालंय," म्हणाली.

"हो."

आम्ही खात राहिलो. काटा धरलेल्या तिच्या हाताकडे माझं लक्ष गेलं. हा हात इतका बारीक कधी झाला? मी उठले आणि पाव सरळ केला.

"आता कशाला?"

"तुझं येऊन गेलं असेल," मी म्हटलं. "माझी आई अजून आहे."

तिने काटा खाली ठेवला.

"मग उद्या जाऊ नकोस," ती म्हणाली.