सालम पोलगेची वाटी

"ओलगे ओलगे, सालम पोलगे!"

अंगदच्या कानात हा आवाज अजून आहे तसाच आहे. रेणापूरच्या शिवारात येळवशीच्या, म्हणजे वेळा अमावास्येच्या, दुपारी खांद्यावर घोंगडं टाकलेले त्याचे वडील, अण्णा किशनराव, कडब्याच्या खोपटाभोवती, कोपीभोवती, फेऱ्या घालायचे, आंबील शिंपडायचे आणि पार चार शेतं ऐकतील असे ओरडायचे. त्या ओळीचा अर्थ कुणालाच सांगता यायचा नाही. कुणी म्हणे कानडी आहे. कानडी येणारे म्हणत, आमची नव्हे बाबा. येळवस आली की ओरडायचं, एवढं खरं.

पाच वर्षांच्या अंगदला मात्र अर्थ लख्ख कळला. सालम पोलगे नावाचा एक पोरगा आहे. अण्णा त्याला जेवायला बोलावतायत, आणि तो काही येत नाही.

त्याला फार वाईट वाटलं. एवढी चवळी-वाटाण्याची भज्जी, एवढी खीर, बाजरीचे उंडे, अख्खं गाव शेतात जेवतंय आणि हे एक लेकरू उपाशी! त्याने जर्मनच्या वाटीत भज्जी घेतली, कोपीच्या मागे नेऊन ठेवली, सालमला म्हणाला, "लाजू नको, खा." घटकाभराने जाऊन बघतो तर वाटी चाटूनपुसून लख्ख.

झालं. दोस्ती जमली.

सालम कसा होता म्हणाल, तर अंगदएवढाच, पण त्याला पाढे येत नव्हते आणि त्याचं त्याला दुःखही नव्हतं. म्हशीच्या पाठीवर तो पुढे, अंगद मागे. वासरू सोडून सगळं दूध पाजलं कुणी? सालमने. कंदिलाची काच फोडली कुणी? सालमने. मार मात्र अंगदला, कारण सालम ऐन वेळी दिसेनासा व्हायचा.

"कुणाशी बोलायलास रं, याड्या?" अण्णा खेकसायचे.

"सालमशी."

"मंग त्याला म्हनावं बैलाला पानी दाव. फुकट खातंय."

वर्षभर अशा गप्पा, आणि येळवस आली की वाटी. दर वर्षी रिकामी. अंगदच्या दहाव्या वर्षी मात्र संध्याकाळी जाऊन पाहिलं, तर वाटी जशीच्या तशी भरलेली. भज्जीवर मुंग्या. आणि पुढच्याच जून महिन्यात अण्णांनी त्याला एसटीत घातलं, लातूरच्या वसतिगृहात सोडलं आणि मागे वळून न बघता निघून गेले. अंगदने दोन्हींचा मेळ घातला तो असा: सालम रुसून गेला, आणि बापाला याडं पोरगं घरात नको झालं.

तेहतीस वर्षं त्याने हे कुणाला बोलून दाखवलं नाही. पण लिहिलं. आता तो टीव्हीसाठी हसवणाऱ्या मालिका लिहितो, आणि यंदाची मालिका होती 'सालम पोलगे'. तेरा भाग. बारा भागांत नुसतं हसणं. तेराव्यात बाप गरजतो, "असलं याडं माज्या घरात नको," आणि पोराला बखोटीला धरून एसटीत कोंबतो.

तो तेरावा भाग आज, येळवशीनंतर तिसऱ्या दिवशी, त्यांच्याच शेतात, त्यांच्याच कोपीपाशी चित्रित होत होता. अण्णांना अंगदने सांगून ठेवलं होतं, "येऊ नका, ऊन लागंल, लई कंटाळवाणं असतं." त्यावर अण्णा नवं धोतर नेसून, प्लास्टिकची खुर्ची स्वतःच उचलून, सकाळी दहालाच हजर. सत्त्याहत्तर वर्षांचं वय, आणि कॅमेऱ्याच्या बरोब्बर मागे बैठक.

"ही भज्जी हाय का?" त्यांनी पातेल्यात डोकावून विचारलं. "हिच्यात चवळी कुठाय? वटाना कुठाय? हे तर नुसतं पिठलं हाय, गं बाई."

"काका, टीव्हीत चव कळत नाही," दिग्दर्शक करिश्मा म्हणाली. ती नांदेडची, बोलायला एकदम मोकळी.

"मंग टीव्ही बगून काय फायदा?"

पडद्यावरचा बाप होता विरूपाक्ष. मिशा भरदार, आवाज ढोलासारखा. त्याने कोपीभोवती फेरी घातली आणि आरोळी ठोकली, "ओलगे ओलगे, सालम पालके!"

"पालके न्हाई, पोलगे!" खुर्चीतून आवाज आला. "भाजी इकायलास का?"

सगळे हसले. अंगदही हसला. तासाभरात बखोटीचा प्रसंग लागणार होता, आणि अण्णा तिथून हलण्याचं नाव घेत नव्हते.

"मॅडम, तो प्रसंग उद्या घेऊ," त्याने करिश्माला बाजूला घेतलं.

"सर, उद्या एसटी मिळत नाही. तुम्ही कामून घाबरायलात? काकांना तर मजा यायलीय."

आधी वाटीचा प्रसंग होता. छोट्या अंगदचं काम करणाऱ्या गोलूने वाटी कोपीमागे ठेवली, आणि पुढच्या वेळी कॅमेरा फिरला तर वाटी रिकामी आणि गोलूच्या गालाला पिठलं.

"अरे बाबा, ती सालमनं खायची!"

"मला भूक लागली हुती," गोलू म्हणाला. मग त्याने अंगदकडे पाहिलं. "पर सर, खरंच कोन खायाचं?"

"सालम," अंगद म्हणाला.

"कुत्रं येत असेल," करिश्मा म्हणाली.

"कुत्रं न्हाई," खुर्चीतून आवाज आला. सगळ्यांनी वळून पाहिलं, तर अण्णा तंबाखू मळण्यात गर्क.

मग एसटी येऊन उभी राहिली. विरूपाक्षने गोलूचं बखोट धरलं, छाती भरून घेतली आणि गरजला, "असलं याडं माज्या घरात नको!"

बांधावरच्या साळुंक्या उडाल्या. अण्णा उठले. म्हातारा सावकाश चालत विरूपाक्षपाशी आला, त्याला खालून वर न्याहाळलं.

"असा वरडत न्हवतो मी," ते म्हणाले. मग जरा थांबून, "वरडत हुतो. पर त्या दिशी न्हाई."

आणि ते थेट कोपीत जाऊन बसले.

करिश्माने हातानेच सगळ्यांना चहाला पिटाळलं. अंगद कोपीच्या दाराशी गेला. "अण्णा, ते नाटक हाय. लोकायला हसवायचं, जरा रडवायचं..."

"तू इथं नगो थांबू. म्हागं जा. वाटी ठिवायचास तिथं बस."

"अण्णा..."

"बस म्हनतो ना."

तेरा भागांचा लेखक मुकाट्याने मागे जाऊन ढेकळांत बसला. समोर कडब्याच्या पेंड्या, वाळलेली पानं वाऱ्याने सळसळणारी. आतलं काही दिसत नव्हतं. पण अण्णांचा श्वास ऐकू येत होता, अगदी कानाशी, आणि आतल्यालाही बाहेरचं असंच ऐकू जात असेल, हे त्याला दहा वर्षांचा असताना कधी कसं सुचलं नाही कोण जाणे.

"अंगद्या," आतून बारीक, पोरासारखा आवाज काढायचा प्रयत्न झाला आणि खोकल्यात बुडाला. "मी सालम बोलायलाव."

अंगदला हसू फुटलं. "बोल की."

"आजच्या भज्जीत मीठ कमी हाय."

"हाव. सांगतो त्यांना."

"कडब्यातनं हात घालून वाटी आत वडायची म्हंजी लई तरास. बाह्यांत कुसळं जायची. पाच वर्सं वडली."

अंगदने कडब्यावर हात ठेवला.

"शेवटच्या साली तू मला एक सांगितलास. आठवतंय का?"

"न्हाई."

"'सालम, मला शेती न्हाई करायची. मला लातूरला शिकायचंय. पर अण्णाला सांगू नको, त्यायला वाईट वाटंल.'" आतला आवाज आता पोराचा राहिला नव्हता. "मी मनातल्या मनात शब्द दिलेला. अण्णाला सांगितलं न्हाई, अन् तुलाबी न्हाई. सालमचा शब्द मोडायचा मंजी कसं? गपगुमान पेरनीच्या बी-बियानाचं उरकलं अन् जूनला तुला एसटीत बसवलं. म्हागं वळलो असतो, तर वसतिगृहातनं तसाच घरी आनला असता."

एसटीच्या ड्रायव्हरने लांबून हॉर्न वाजवला. कुणीतरी त्याला गप्प केलं.

"मंग वाटी का तशीच ठिवली, अण्णा? मला वाटलं, सालम गेला."

आत कडबा सळसळला.

"घास उतरला न्हाई रं, लेकरा."