साय

हट्ट कोणाला नसतो, पण या कुलूपवाल्याचा हट्ट म्हणजे कमाल होती. चाळीस वर्षं लोकांची कुलपं दुरुस्त केली आणि घरी आणल्या त्या नुसत्या किल्ल्या, कुलूप नसलेल्या. तिजोऱ्यांच्या, कोठारांच्या, बंद पडलेल्या दवाखान्यांच्या, एक तर तुरुंगाची. मोजून तीनशे चौदा. आतल्या खोलीत भिंतीभर फळ्या, फळ्यांना खिळे आणि खिळ्यांना किल्ल्या. नियम एकच. कोरड्या फडक्याने पुसायचं, वर्षातून एकदा तेलाचं बोट लावायचं, पण घासायचं नाही. किल्लीवर वर्षानुवर्षं धरलेल्या काळपट थराला तो साय म्हणायचा. साय काढली की किल्लीचं वयच गेलं, असं तो येईल त्याला ऐकवायचा, समोरच्याने विचारो न विचारो.

हा नियम एकदाच मोडला होता आणि तोही बायकोने. त्याच्या पन्नासाव्या वाढदिवसाला तिने त्याची सगळ्यात लाडकी किल्ली, औषधांच्या कपाटाची, पितळी, वीतभर लांब, लिंबू-मीठ लावून घासली. दातांचे कोपरेसुद्धा जुन्या ब्रशने लख्ख केले, रुमालात गुंडाळून त्याच्या हातात ठेवली आणि समोर उभी राहिली. बिचारीला वाटलं, आता हा हरखून जाईल.

"सत्यानाश केलास," एवढंच तो म्हणाला. मग चार दिवस कुलूपवाल्याच्या तोंडालाच कुलूप. पाचव्या दिवशी बोलला तेही काय, तर दूध संपलंय. किल्ली त्याने फळीच्या मागे टांगून टाकली. माफीबिफी मागायचं त्याच्या डोक्यातही आलं नाही. त्यानंतर बायकोने त्या खोलीत साधं फडकंही नेलं नाही.

या गोष्टीला तेवीस वर्षं झाली. गेली दोन वर्षं बायकोला माणसं ओळखू येईनाशी झाली होती. ती पुढच्या खोलीत खिडकीशी बसायची आणि नवऱ्याला मिस्त्री म्हणायची. कुठलंसं दार दुरुस्त करायला आलेले मिस्त्री. सुरुवातीला तो म्हणायचा, "अगं, मी आहे मी." ती ओशाळून हसायची. तिचं ते ओशाळणं त्याला बघवेना, म्हणून त्याने सांगणंच सोडलं.

तिला सांभाळायला येणाऱ्या बाईला राहायला जागा हवी होती, तेव्हा आतली खोली रिकामी करणं आलं. किल्ल्या संग्रहालयाला द्यायच्या ठरल्या. तिथल्या मॅडम भिंग घेऊन आल्या, एकेक किल्ली उतरवून कागदात गुंडाळू लागल्या. फळी काढली तेव्हा मागची किल्ली दिसली.

"ही लपवून का ठेवलीत?"

"ती नका घेऊ. घासलेली आहे."

मॅडमनी ती उजेडात धरली. "कुठे घासलीय? छान काळी झालीय की."

त्याने हातात घेतली. खरंच, पुन्हा साय धरली होती. एका दाताच्या कोपऱ्यात मोहरीएवढा पिवळा ठिपका तेवढा उरला होता. खरं तर त्याला आनंद व्हायला हवा होता. पण त्याच्या काळजात चर्र झालं. तिने जीव ओतून केलेल्या कामातलं आता एवढंच शिल्लक होतं, आणि छान झालंय हे दोन शब्द त्याच्या तोंडून कधी निघाले नव्हते.

"ही राहू दे माझ्याकडे," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने लिंबू चिरलं. आयुष्यात पहिल्यांदा किल्ली घासायला बसला. तास गेला, दोन गेले, साय काही हटेना. बोटांची टोकं चुरचुरायला लागली. त्याच्यापासून लपवत, स्वयंपाक उरकून हे तिने किती दुपारी केलं असेल, या विचाराने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संध्याकाळच्या सुमाराला किल्ली लखलखली. त्याने ती रुमालात गुंडाळली, बायकोच्या ओंजळीत ठेवली आणि समोर उभा राहिला.

तिने रुमाल उघडला. क्षणभर तिचा चेहरा उजळला, आणि लगेच तिने घाबरून आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

"मिस्त्री, ही तुम्ही घासलीत?"

"हो."

"अहो, साय गेली हो हिची." तिने घाईघाईने रुमाल गुंडाळला, आवाज खाली आणला. "आमच्या ह्यांना कळता कामा नये. चार-चार दिवस बोलत नाहीत मग."

त्याला तिच्या शेजारी खाली बसावं लागलं. "नाही रागावणार ते," तो कसाबसा म्हणाला. "त्यांनीच निरोप दिलाय, फार छान झालीय म्हणून. चूक त्यांचीच होती म्हणाले."

तिने त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "तुम्ही माणूस चांगले आहात हो, पण तुम्ही त्यांना ओळखत नाही."

मग तिने किल्ली उशीखाली सरकवली आणि त्याच्या चुरचुरणाऱ्या बोटांवर हलकेच थोपटलं.

"तुम्ही नका काळजी करू," ती म्हणाली. "मीच घासली म्हणून सांगेन. मला सवय आहे."