औषधाचं लाकूड

लाकडाच्या वखारीतल्या टाकीतल्या पाण्याला मालक देवदत्त नुसतं 'औषध' म्हणायचे, म्हणून सगळी वाडीही औषधच म्हणे. विजेचे खांब, होड्यांच्या फळ्या त्या हिरवट पाण्यातून निघाल्या की वाळवीची काय टाप होती! खाडीच्या वर, जांभ्याच्या कातळी सड्यावरची ती वखार बंद पडून बरीच वर्षं झाली, आणि दोन हजार तीनच्या दिवाळीनंतर देवदत्तही गेले.

उर्वी त्यांची एकुलती मुलगी, देवरूखच्या कॉलेजात ग्रंथपाल. पावसात जिथे तिथे टाकळा माजतो, पण खांब निथळायला ठेवत त्या जागी कधी उगवला नाही, हे तिच्या मनात सलत होतं. तिनं माती तपासून घेतली. आर्सेनिक निघालं. खालच्या विहिरीच्या पाण्यातही उतरू लागलं होतं. गंधार नावाच्या इंजिनिअरनं बजावलं की पावसाआधी माती काढून, पिंपांत बंद करून, घातक कचऱ्याच्या जागी धाडायला हवी.

ट्रकला वाट एकच, खालच्या शेजारीण गंगुबाईंच्या घरामागच्या परड्यातून. त्यासाठी त्यांचा दगडी गडगा पाडायला हवा होता. विहीरही त्यांचीच.

गंगुबाईंनी साफ नकार दिला. देवदत्तभाऊंना जाऊन वर्ष फिरलं नाही आणि पोरगीच त्यांचं काम उकरून फेकतेय, लोक काय म्हणतील? शिवाय ती माती आणि वखारीतला भुसा त्या कधीपासून माडांच्या बुंध्याशी घालत आल्या होत्या. उर्वीनं आर्सेनिक समजावून सांगितलं.

"आसंल तुझ्या पुस्तकात," गंगुबाई म्हणाल्या. "आमच्या माडांना म्हाईत नाय."

उर्वी परतली. गंगुबाईंना कळेल तो शब्द तिला ठाऊक होता. बाबांच्या नावाशेजारी तो उच्चारवत नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली, तर गंगुबाई परसात बसून राखेनं टोप घासत होत्या. न्हाणीच्या चुलीतली राख. चुलीत वखारीतले लाकडाचे ढलपे जळत.

"काकी, ती राख टाका."

"का गो? औषधाची राख हाय. टोपाला मुंगी लागत नाय."

"औषध नाही ते. सोमल आहे."

गंगुबाईंचा हात थांबला. पुस्तकातलं आर्सेनिक म्हणजेच सोमल, आणि तो काय असतो हे त्यांना पुस्तकानं सांगायची गरज नव्हती. उंदरांसाठी आणलेला सोमल आणि कुजबुजत सांगितलेल्या विषाच्या एकदोन गोष्टी त्यांच्या लहानपणापासून वाडीत होत्या.

"भाऊंनी आमाला सोमल दिला?"

"त्यांना कळलंच नाही. विकणारा औषध म्हणाला, तेही औषध म्हणाले." उर्वीनं विचारलं, "त्यांचे तळहात आठवतात?"

"ते घट्टे... करवतीचे ना गो?"

"आम्हीही तेच समजलो. ते सोमलाचे होते."

गंगुबाईंनी टोप उपडा घातला. मग त्या उठल्या आणि कोपऱ्यातली पहार उचलली. "गडगा मी रचलाय," त्या म्हणाल्या, "मीच काढीन." संध्याकाळी विहिरीच्या रहाटाचा दोरही त्यांनी सोडवून खुंटीला टांगला.

उर्वी त्यांना तपासायला घेऊन गेली. अंगात थोडं आर्सेनिक निघालं. पोटात जाणं थांबलं की उतरेल, असं डॉक्टर म्हणाले. वाडीतल्या घराघरांतून राख, ढलपे, भुसा गोळा झाला. हिरवट माती खणत गेले, तशी खाली तांबडी लागली. जांभ्यातल्या लोखंडानंच बराचसा सोमल धरून ठेवलाय, खोल जाऊ दिला नाही, असं गंधारनं सांगितलं. उर्वी त्या तांबड्या मातीकडे बराच वेळ बघत राहिली. झाकलेला ट्रक परड्यातून गेला, तेव्हा गंगुबाईंनी पदर नाकाला लावला आणि दोघी त्यामागे रस्त्यापर्यंत चालत गेल्या.

त्या पावसात खणलेल्या जागी टाकलेल्या नव्या मातीच्या भरावावर टाकळा आला. गंगुबाई दोन पानं घेऊन आल्या, तेव्हा उर्वी घाबरून म्हणाली की ती भाजी एवढ्यात खायची नाही.

"खात नाय गो. तुला दावायला आणलाय."

पाणी मात्र पुन्हापुन्हा तपासावं लागलं. निर्धोक ठरेपर्यंत पुढचा चैत्र उजाडला. गंगुबाईंनी खुंटीवरचा दोर काढला, रहाटावर चढवला आणि टोक उर्वीच्या हातात दिलं.

"पयला हंडा भाऊंच्या नावाचा."

उर्वीनं तो ओढला. जड होता. तिनं तो खांब निथळायच्या जागी लावलेल्या नव्या माडाच्या रोपाला घातला, आणि दुसऱ्यासाठी दोर पुन्हा खाली सोडला.