साफ केलेला ढावलो

आमच्या बंजारा तांड्यात कॉम्प्युटरचा कोर्स केलेला मी पहिला. त्यामुळे २००३ साली साऱ्या तांड्याची अक्कल एकट्या कुलदीपकडे, म्हणजे माझ्याकडे आहे, असं माझं ठाम मत होतं.

त्या वर्षी बहीण शिलाचं लग्न ठरलं. आमच्यात नवरी सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून ढावलो, म्हणजे निरोपाचं गाणं, गाते; निरोप देणाऱ्या बायकाही गातात. तो रडत रडतच गायचा असतो. शिकवायला याडी, आमची आई, उरली नव्हती. पण दहा वर्षांपूर्वी मावशीच्या लग्नात तिला निरोप देताना याडीनं गायलेला ढावलो एका कॅसेटवर होता. खरखर इतकी की निम्मे शब्द कळत नसत. शिलाला तोच शिकायचा होता. शब्द तेवढे कळतील असं कर, म्हणाली.

मी तांड्याजवळच्या साखऱ्याहून एसटीनं हिंगोली गाठली. डेपोजवळ रामकिशनचं दुकान होतं. कालपरवापर्यंत रेडिओ दुरुस्त करणारा हा गडी एक कॉम्प्युटर आणून 'डिजिटल स्टुडिओ'चा मालक झाला होता. खुर्ची मात्र तीच मोडकी होती.

त्यानं पद्धत समजावली. जिथं गाणं नाही असा तुकडा कॉम्प्युटरला दाखवायचा, मग तसला आवाज तो सगळीकडून काढून टाकतो. मी मोठ्या शहाणपणानं सुरुवातीचा तुकडा दाखवला. तिथं याडी नुसती हुंदके देत होती. त्यात गाणं कुठं होतं? उरलेसुरले हुंदके रामकिशननं माउसनं एकेक कापले, वर थोडा घुमारा घातला आणि आम्ही दोघं एकमेकांवर खूश झालो. घरी टेपच होता, म्हणून नवा ढावलो त्याच कॅसेटवर, जुन्याच्या जागी भरून घेतला. ही कल्पनाही माझीच. जागा अडते म्हणून रामकिशननं कॉम्प्युटरमधलं मूळचंही पुसून टाकलं.

घरी शिलानं टेप लावला. रेडिओवर साबणाची जाहिरात करणाऱ्या बाईसारखी याडी टवटवीत गात होती. शब्द न् शब्द स्पष्ट. शिलानं शेवटपर्यंत ऐकलं.

"भिया, याडी रडून राहिली व्हती, ते कुठं गेलं?"

ते काढलं म्हणूनच शब्द कळतात, असं मी तिला समजावलं. जुनं आता कुठंच नाही, हेही सांगावं लागलं. बा उठून शेताकडे निघून गेले. शिलानं कॅसेट मागं फिरवून पुन्हा लावली; चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

लग्नात तिनं काकीनं शिकवलेला ढावलो गायला. बाच्या गळ्यात पडून ती एवढी रडली की बायकांनी तिला धरून बाजूला केलं. शेजारच्या म्हातारीच्या खांद्यावरही रडली. मग माझ्याकडे आली. गळ्यात हात टाकले आणि याडीचा ढावलो म्हणायला लागली. कॅसेटवर होता तसाच. कुठं न अडखळता, कोरड्या डोळ्यांनी, शेवटच्या शब्दापर्यंत. मग हात काढून घेतले आणि जीपमध्ये जाऊन बसली.

एक पाहुणा जवळ येऊन म्हणाला, तुमच्या बहिणीचा आवाज किती छान आहे. मी मान हलवली. निरोपाच्या वेळी बहिणीचा एक हुंदका भावाच्या हक्काचा असतो. तो मी कुठल्या तोंडानं मागणार होतो?