एका ब्रेडचे तीस काप

मला सगळे मिस्त्री म्हणतात. पंचवीस वर्षं गवंडीकाम करतोय, आणि माझ्या गिलाव्यावरून हात फिरवून कुणी नाक मुरडल्याचं मला आठवत नाही. हे फुशारकी म्हणून सांगत नाही. म्हणजे थोडी आहे, पण पुढचं समजायला ती लागेल.

तर असा हा मिस्त्री एका शनिवारी सकाळी सात वाजता बायकोचा फुलाफुलांचा एप्रन बांधून स्वयंपाकघरात उभा होता. बायको उजवा हात गळ्यात अडकवून शेजारी, आणि सासूबाई खुर्ची ओढून समोर. आमच्याकडेच राहतात त्या. एरवी सकाळी लवकर उठत नाहीत, पण त्या दिवशी सहालाच तयार होऊन बसल्या होत्या. जावई सँडविच करणार, ही बातमीच तशी होती.

आता हे का, ते सांगतो. कोपऱ्यावर एक चहाघर आहे. पांढरे टेबलक्लॉथ, नाजूक कपबशा, आणि खाण्याच्या ताटल्या एकावर एक तीन मजली. तिथे दुपारी चारला चहाबरोबर छोटी छोटी सँडविच देतात. आमची ही गेली बारा वर्षं लोकांच्या घरच्या पार्ट्यांना खाणं करून देते, पण तिचा जीव त्या चहाघरात. येता-जाता काचेतून बघायची. शेवटी एकदा धीर करून आत गेली आणि मालकीणबाईंशी बोलून आली. बाई म्हणाल्या, "या शनिवारी एकशेवीस करून आणा. माझ्या गिऱ्हाइकांना आवडली तर दर शनिवारचं काम तुमचं. सँडविच दोन घासांत संपलं पाहिजे आणि बोटाला काही चिकटता कामा नये."

हे झालं रविवारी. सोमवारी ही आमच्या दारातल्या पायरीवरून घसरली आणि मनगट मोडलं. ती पायरी मी दोन वर्षं अर्धवट ठेवली होती. गावभर लोकांच्या पायऱ्या बांधतो आणि घरात दिव्याखाली अंधार. पायरी त्याच संध्याकाळी पुरी केली, पण त्याने काय होतंय? घरात खरं प्लास्टर झालं ते हिच्या हाताला. ही मला एक शब्द बोलली नाही, आणि तेच मला लागलं. मंगळवारी ती बाईंना नाही म्हणून सांगायला निघाली, तेव्हा मी दारात आडवा उभा राहिलो. म्हटलं, "हात माझे घे. तू नुसतं सांग."

ती म्हणाली, "तुमचे हात? अहो, तुम्ही चहाचा कप विटेसारखा धरता."

पण गेली नाही.

शनिवारी तिने आधी माझे हात बघितले. नखं ब्रशने घासायला लावली, दोनदा. मग बेकरीतून आणलेल्या ब्रेडच्या स्लाइस टेबलावर मांडल्या, मऊ बटर पुढे ठेवलं आणि हातात सुरी दिली. पातं बोथट, टोकाला गोल. गिलाव्याच्या थापीचं पिल्लूच म्हणा. मी एक स्लाइस घेतली, बटर ओढलं. ही वाकून बघत राहिली.

"कोपरे सोडू नका. जिथे बटर नाही तिथून काकडीचं पाणी ब्रेडमध्ये शिरतं."

"म्हणजे ओल अडवायची."

"तेच म्हणतेय मी."

मग सोपंच झालं की. पातळ थर, कडेपर्यंत, कुठे उंचवटा नाही. तीन स्लाइस झाल्यावर हिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि सासूबाईंना म्हणाली, "आई, बघ गं. मला वाटलं होतं ढीग लावतील."

"अजून घोडामैदान लांब आहे," सासूबाई म्हणाल्या.

काकडी हिने आदल्या दिवसापासून मनात ठरवून ठेवली होती. कोवळी, सोललेली, पापुद्र्यासारखी कापलेली. तिला मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवायची, सुटलेलं पाणी फडक्यात पिळून टाकायचं, मग किंचित लिंबू. अंडी उकडून कुस्करायची, त्यात मोहरीची पूड हिने डाव्या हाताच्या चिमटीनेच घातली, मला हात लावू दिला नाही. मी भरायचं, दाबायचं, चारी कडा कापायच्या आणि चार त्रिकोण करायचे. कडा सासूबाईंच्या बशीत जात होत्या. साडेनऊला एकशेवीस त्रिकोण तीन तबकांत उभे होते, सगळे एका रेषेत. मी दोन पावलं मागे जाऊन एक डोळा मिटून पाहिलं. खरं सांगतो, बरं वाटलं.

हिने ओलं फडकं तबकांवर पसरायला लावलं. "मी अंघोळ करून येते. आईला बरोबर नेते, एका हाताने काही जमत नाही मला. तुम्ही इथेच थांबा. फक्त यांच्यावर लक्ष ठेवा. सुकता कामा नयेत."

आता मला सांगा, गवंड्याला 'सुकता कामा नये' म्हटल्यावर तो काय करेल? नवा गिलावा असो की स्लॅब, आम्ही पाणी मारतो. पंचवीस वर्षं मी माणसांना हेच ओरडून सांगत आलोय. मी दर दहा मिनिटांनी तांब्या भरून घेतला आणि फडक्यावर हाताने पाणी शिंपडत राहिलो. अंघोळीला, केस विंचरायला आणि एका हाताने कपडे बदलायला हिला पाऊण तास लागला. मी कसूर केली नाही.

ही आली, फडकं उचललं आणि तशीच उभी राहिली. मग एक त्रिकोण बोटाने उचलायला गेली, तर तो अर्धाच वर आला.

"अहो," ती हळू आवाजात म्हणाली, "पाणी मारलंत?"

माझ्या पाचावर धारण बसली. मी तांब्या मागे लपवला, जणू तो दिसला नसता. सासूबाईंनी चमचा घेतला, कोपऱ्यातला एक त्रिकोण खरवडून तोंडात घातला आणि बराच वेळ विचार करून म्हणाल्या, "चव उत्तम आहे. दात नसलेल्यांना तर फारच छान."

ही खुर्चीवर बसली आणि रडायला लागली. बारा वर्षांत मी हिला कामावरून रडताना पाहिलेलं नाही. सोमवारपासून माझ्या मनात साठलेलं एकदम बाहेर आलं. म्हटलं, "आधी तुझा हात मोडला, आता काम मोडलं. दोन्ही माझ्यामुळेच. शिव्या दे, पण गप्प नको राहूस."

तिने डाव्या हाताने डोळे पुसले. "शिव्या रात्री देईन. आत्ता साडेदहा वाजायला आलेत. बेकरीत जाऊन या."

बेकरीत स्लाइसचा ब्रेड संपला होता. दोन अख्खे ब्रेड मिळाले, न कापलेले. मी ते दोन्ही हातांत धरून पळत आलो. हिने मनातल्या मनात हिशेब केला आणि तोंड पाडलं. एकशेवीस त्रिकोणांना साठ स्लाइस लागतात. एका ब्रेडच्या नेहमी वीस होतात.

"तीस करायच्या," मी म्हटलं.

"तेवढ्या पातळ कापल्या तर हातात तुटतात. बटर लावायला गेलं की भोकं पडतात." मग थांबून म्हणाली, "एक पद्धत आहे. लग्नाआधी मी कामाला होते तिथला म्हातारा आचारी करायचा. आधी ब्रेडच्या कापलेल्या तोंडालाच बटर लावायचं आणि मग तेवढी स्लाइस कापून घ्यायची. बटर तिला धरून ठेवतं. मला कधी जमलं नाही. माझ्या स्लाइस वर जाड नि खाली पातळ येतात. सुरीच चांगली नव्हती."

"नाचता येईना, अंगण वाकडं," सासूबाई कडा चघळत म्हणाल्या.

मी ब्रेडचं टोक उडवलं आणि त्या उघड्या तोंडाकडे पाहिलं. उभी भिंत. गेली पंचवीस वर्षं मी दुसरं काय करतोय? बटर लावलं, खालून वर, एका ओढीत. मग लांब सुरी लावली, खांदा ढिला सोडला आणि दाब न देता नुसती पुढे-मागे ओढत खाली आणली. स्लाइस अलगद माझ्या तळहातावर पडली. वर, खाली, मध्ये, सगळीकडे सारखी. पुन्हा बटर, पुन्हा सुरी. दुसरी. तिसरी. मी श्वाससुद्धा मोजून घेत होतो. पहिला ब्रेड संपला तेव्हा सासूबाईंनी मोठ्याने मोजल्या: एकतीस.

मी हसत मान वर केली. हिने एक स्लाइस उजेडाकडे धरली होती आणि तिच्यातून खिडकीची चौकट दिसत होती. "एवढी पातळ मला बारा वर्षांत आली नाही," ती म्हणाली. ती हसली, पण ते हसू चेहऱ्यावर टिकलं नाही. मला आनंद झाला होता आणि त्या आनंदाची मला लगेच लाज वाटली. मी दुसरा ब्रेड ओढला.

काकडी नव्याने चिरली, अंडी उकडली. ही चव बघत होती, मी भरत होतो. या वेळी फडकं तिने समोर उभं राहून माझ्याकडून घट्ट पिळून घेतलं, आणि तांब्या सासूबाईंच्या मांडीवर ठेवायला दिला. सव्वातीनला आम्ही डबे घेऊन निघालो. रस्त्यात हार्डवेअरवाल्याने हाक मारली, "मिस्त्री, डब्यांत काय?"

"टाइल्सचे नमुने," मी म्हटलं आणि पाय उचलला. एप्रन काढायचा राहिला होता, हे मला पुढच्या वळणावर कळलं.

मालकीणबाईंनी मागच्या खोलीत डबा उघडला. एक त्रिकोण उचलला, वळवून पाहिला, दोन घासांत खाल्ला आणि बोटं एकमेकांवर घासून बघितली. तबकं भरून बाहेर पाठवली. आम्ही दोघं भांड्यांच्या फळीपाशी उभे. बाहेर कपबशा वाजत होत्या, कुणीतरी हसत होतं. ही डाव्या हाताने माझी बाही धरून होती. पंधरा मिनिटांनी पहिला तीन मजली स्टँड परत आला. त्यावर केक निम्मा शिल्लक होता. सँडविचच्या मजल्यावर काही नव्हतं.

बाई आत आल्या. "खिडकीपाशी बसलेल्या दोघी पुन्हा मागतायत. ब्रेड कुणी कापलाय?"

"हिनेच," मी चटकन म्हणालो.

बाईंनी हिच्या गळ्यात अडकवलेल्या हाताकडे पाहिलं. मग माझ्या फुलाफुलांच्या एप्रनकडे.

"खोटं कशाला बोलता?" ही मला म्हणाली आणि बाईंकडे वळली. "यांनी कापलाय. आणि आधीच सांगते, माझा हात बरा झाला तरी मला असा कापता येणार नाही. खूप वर्षं प्रयत्न केलाय मी. तुम्हाला हेच हवं असेल तर ते माझ्याकडून व्हायचं नाही."

आवाज स्थिर होता तिचा, पण माझी बाही तिने सोडून दिली होती. मला वाटलं, बारा वर्षं काचेतून बघितलं आणि दार उघडल्यावर हिने स्वतःच ते लोटून घेतलं. अशी खरी बाई माझ्या वाट्याला का आली, हे मला अजून कळलेलं नाही.

बाईंनी रिकाम्या स्टँडकडे पाहिलं. मग मला म्हणाल्या, "मग दर शनिवारी तुम्ही याल का? काम तुम्हालाच देते."

मी म्हटलं, "बाई, यात मीठ किती आहे ते मला ठाऊक नाही. मोहरी किती, तेही नाही. सकाळी मी एकट्याने यांची राखण केली तर एकशेवीसच्या एकशेवीस पाण्यात घालवली. मला काम दिलंत तर तुमच्या गिऱ्हाइकांना चमचे द्यावे लागतील."

बाई हसल्या. ही हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती.

"काम हिला द्या," मी म्हटलं. "मिस्त्री ही आहे. मी हिच्या हाताखाली येईन."

हे शब्द मी आयुष्यात कुणासाठी वापरले नव्हते. चौदाव्या वर्षी वडिलांच्या हाताखाली होतो, त्यानंतर कुणाच्याच नाही. पण बोलून टाकल्यावर काही जड वाटलं नाही.

बाईंनी हिच्याकडे पाहिलं. "चालेल तुम्हाला?"

हिने आधी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मी नव्या माणसाला कामावर घेताना पाहतो तसं. मग म्हणाली, "चालेल. पुढच्या शनिवारी मी सातला सुरुवात करेन. हाताखालच्याने साडेसहाला यायचं असतं."

कामाची रीत तीच आहे. मी मान डोलावली आणि रिकामे डबे उचलले.