गुडघाभर रुतलेला टपालवाला

लोक तहान लागल्यावर विहीर खणतात. माझा दादा त्यांच्याही पुढचा. तो आधी फावडं घडवायला बसतो, आणि फावड्यासाठी बाजारातलं लोखंड त्याला चालत नाही.

आम्ही भावंडं मिळून एक कॉम्प्युटर गेम करत होतो. एक विसरभोळा टपालवाला सातमजली इमारतीत पत्रं वाटतो आणि दर मजल्यावर चुकीच्या दारात टाकतो, एवढीच गोष्ट. चित्रं माझी, पेन्सिलीने काढलेली, दोनशे चौदा. बाकीचं सगळं, म्हणजे इंजिन, दादाचं. पाय कसा उचलायचा, भिंत आली की कसं थांबायचं, सावली कुठे पाडायची, हे बघणारं गेमच्या पोटातलं यंत्र म्हणजे इंजिन. ती तयार मिळतात. जगभरचे लोक त्यांवर गेम करतात आणि सुखाने झोपतात. दादा मात्र चार वर्षं स्वतःचंच बनवत होता. त्याने स्वतःची सावली बनवली, स्वतःचं घड्याळ बनवलं, तारीख मोजायची स्वतःची पद्धत बनवली. आपल्या गेममध्ये तारीखच नाही, असं मी म्हटलं, तर म्हणतो, "उद्या लागली तर?" आणि टपालवाला? तो बिचारा पहिल्या मजल्यावर गुडघाभर जमिनीत रुतून आठ महिने उभा होता.

माझ्या मात्र गळ्याशी आलं होतं. शनिवारी नव्या गेमचं प्रदर्शन होतं. गेम बाजारात आणणाऱ्या कंपनीची माणसं तिथे येऊन निवड करणार होती. काही चालतंफिरतं दाखवता आलं नाही, तर सोमवारपासून मी टूथपेस्टच्या खोक्यांवर चकचकीत दात रंगवायला जाणार होते. नोकरीचं पत्र पर्समध्ये होतं. टूथपेस्टशी माझं वैर नाही, पण दोनशे चौदा चित्रं कपाटात कोंडून दात रंगवायचे, या कल्पनेनेच मला रडू यायचं.

वहिनी खऱ्या दातांची डॉक्टर. तिच्यापुढे मी रडगाणं गायले. ती हातमोजे काढत म्हणाली, "हे बघ, मी तयार दात बसवते. हिरडीत बी पेरून उगवायची वाट बघत नाही. माझ्या दवाखान्यातला बाहेरचा कॉम्प्युटर दुपारी रिकामाच असतो. बस तिथे आणि कर तयार इंजिनवर."

"आणि दादाला कळलं म्हणजे?"

"कळायला त्याने मान वर करायला हवी ना."

मग काय, सलग नऊ दुपारी मी पेशंटांच्या बसायच्या खोलीत, आतलं ड्रिल ऐकत, तयार इंजिनशी झटापट केली. तिसऱ्या दिवशी टपालवाला चालला. सहाव्या दिवशी जिना चढला. दाढ धरून बसलेले एक आजोबा त्याच्यावर खेकसले, "अरे बाबा, ते दार नव्हे!" मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

अडचण एकच होती. प्रदर्शनाच्या अर्जावर दोघांची सही लागत होती, आणि दादाने कधीच बजावून ठेवलं होतं, "उसन्या इंजिनला माझी सही मिळणार नाही."

नवव्या दुपारी दवाखान्याचं दार उघडलं आणि गाल सुजवून खुद्द दादा आत आला. त्याची दाढ ठणकत होती. मी स्क्रीन झाकायला धावले, तर माझं कोपर कीबोर्डवर पडलं आणि टपालवाला टुणटुण जिना चढून गेला.

"हा चालतोय," दादा म्हणाला.

"हो."

"कशावर?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "तयार इंजिनवर."

मी बोलणी खायच्या तयारीत राहिले. दादा मात्र स्क्रीनला नाक लावून बघत होता. "रेघा तशाच कशा राहिल्या?"

"कुठल्या रेघा?"

"तुझ्या. पेन्सिलीच्या. मी आधी तयार इंजिनच वापरून बघितलं होतं. सगळं साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत झालं. तुझी खोडलेली रेघसुद्धा दिसायला हवी, म्हणून तर मी स्वतःचं करायला घेतलं."

"हे तू मला कधी बोललास?"

"तू कधी विचारलंस?"

चार वर्षं मी या माणसाला हेकट म्हटलं, चक्रम म्हटलं, आणि हा माझ्या खोडरबराच्या खुणा जपत बसला होता! मला माझी लाज वाटली. त्याहून वाईट म्हणजे, त्याच्या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक होतं. त्या इंजिनमध्ये एक बारीक चौकोन होता, शेजारी लिहिलेलं, 'चित्र गुळगुळीत करा'. पहिल्याच दुपारी मी त्यातली बरोबरची खूण काढून टाकली होती. एका क्लिकचं काम.

"तुझ्याच कोडमधून उचललं," मी ठोकून दिलं.

दादाचा चेहरा खुलला. म्हणजे न सुजलेली बाजू खुलली. "कुठला भाग? दाखव की!"

आली का पंचाईत! त्याच्या कोडमधलं मला अक्षर कळत नाही. मी उगाच माऊस इकडेतिकडे फिरवत राहिले, आणि तो चौकोन दादालाच दिसला. त्याने खूण केली. टपालवाला साबणाची वडी झाला. खूण काढली. रेघा परत आल्या. केली, काढली, केली, काढली. आतलं ड्रिल थांबलं तरी त्याचं चालूच.

"दादा, मी खरं सांगायला हवं होतं."

"तेव्हा हा नव्हता गं," तो हळूच म्हणाला. "म्हणजे मधल्या काळात कोणीतरी बसून हा बनवला. त्याला किती वर्षं लागली असतील?"

त्याने माऊस सोडला आणि हात पुढे केला.

"अर्ज दे इकडे."

त्याने सही केली. खाली 'आभार' असा एक रकाना होता, मी रिकामाच सोडलेला. त्यात त्याने आपल्या कोंबडीच्या पायांच्या अक्षरात लिहिलं: 'ज्याने तो चौकोन बनवला, त्याचे. त्याचीही बहीण चित्रं काढत असणार.'

मला भडभडून आलं. पण समोर दोन पेशंट बसले होते, आणि बाहेर कोणी रडताना दिसलं असतं तर दोघंही दाढ घेऊन घरी पळाले असते. म्हणून मी नाक ओढलं आणि दादाला आत ढकललं.